वाड्यातलं भूत का फसलं? कमी पैशातल्या हॉरर कॉमेडीची चिरफाड

गोदाकाठचा_प्रेक्षक

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात चित्रित झालेली मराठी हॉरर कॉमेडी नुकतीच पाहिली. नाव मुद्दाम लिहीत नाही. पहिलाच सिनेमा करणाऱ्या मंडळींचं काम आहे, आणि यातल्या चुका या प्रकारातल्या बऱ्याच सिनेमांत सापडतात. चर्चा त्या चुकांवर व्हावी म्हणून हा धागा.

कथा एवढीच: तीन भावंडं वडिलोपार्जित वाडा बिल्डरला द्यायला नाशकात येतात. माजघरात एका बाईचं भूत आहे. सह्या व्हायच्या आधी ते जागं होतं, मग मांत्रिक येतो, मग पळापळ. कल्पना चांगली आहे. वाडा विकायची घाई आणि वाड्याचा स्वतःचा नकार, यात भीतीही आहे आणि हसूही. तरी दोन तासांत ना अंगावर काटा आला, ना मोकळं हसू आलं.

खटकलेल्या गोष्टी. भूत सहाव्या मिनिटाला संपूर्ण दिसतं, समोरून, लख्ख उजेडात. पुढे दाखवायला काही उरतच नाही. त्या भुताला नियम नाहीत. एका प्रसंगात ते उंबरठा ओलांडू शकत नाही, पुढच्यात थेट मेन रोडवर रिक्षात बसतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विनोदासाठी भुतालाच घसरून पाडलं आहे, शिंकायला लावलं आहे, मोबाईलवर नाचवलं आहे. ज्या भुतावर आपण हसलो त्याला दहा मिनिटांनी कोण घाबरणार?

रामकुंडावरच्या प्रसंगात तर कमाल आहे. एकाच रात्रीच्या दोन शॉटपैकी एकात पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय, दुसऱ्यात मारुतीचे पाय कोरडे. पुराचं पाणी मारुतीच्या गुडघ्यावरून, कमरेवरून मोजणाऱ्या गावाला हे दिसल्याशिवाय राहील का?

जाणकारांनी प्रकाश, ध्वनी, मेकअप, संकलन अशा अंगांनी लिहावं. ‘बजेट कमी होतं’ एवढ्यावर विषय संपू नये.

बळद_आणि_देवळी

मारुतीच्या चुकीचं कारण उघड आहे. पावसाळ्यात मुख्य शूट झालं आणि राहिलेले शॉट नंतर पॅचवर्कमध्ये घेतले. नदीकाठी पॅचवर्क करायचंच असेल तर पाण्याची पातळी दिसेल अशी कुठलीच खूण फ्रेममध्ये नको. पायऱ्या नको, मारुती नको, पुलाचे खांब नको. माणसं क्लोजमध्ये घ्यायची आणि मागे फक्त अंधारात हलणारे दिवे ठेवायचे.

माझा मुद्दा भुताच्या जातीचा आहे. संवादात तिला ‘हडळ’ म्हटलंय. पण अंगावर हिरवा चुडा, कपाळावर मळवट, नाकात नथ. सवाष्ण मेलेली आणि इच्छा अडकलेली बाई म्हणजे जखीण. बाळंतपणात गेलेली अळवंतीण. हडळीची ओळख उलट्या पावलांची. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा मुंजा, त्याचं ठिकाण पिंपळ. पाण्यातला गिऱ्हा, वाट चुकवून गोल गोल फिरवणारा चकवा. गावागणिक तपशील बदलतात हे मान्य, पण एका सिनेमाच्या आत तरी एकच तपशील हवा.

हे पुस्तकी वाटेल, पण पटकथेचं अर्धं काम यातून होतं. जखीण ठरली की तिची अडकलेली इच्छा ठरते, ती कुणाला धरणार ते ठरतं, काय दिलं की सोडणार तेही ठरतं. मग विनोदही आपोआप येतो: तिला हवी असलेली वस्तू या तिघांनी गेल्याच आठवड्यात भंगारात दिलेली आहे. चकवा घेतला तर तीन माणसं रात्रभर दहीपुलाच्या बोळांत फिरून पुन्हा पुन्हा त्याच दाराशी येतात. एक बोळ, तीन नट, एक दिवा. याहून स्वस्त प्रसंग कोणता?

शिवाय या सिनेमातलं भूत मालवणी हेल काढून बोलतं. कोकणातलं भूत लोकप्रिय आहे म्हणून गोदाकाठच्या वाड्यात आणून बसवलं, तर ते इथे कसं आलं याची एक ओळ तरी हवी होती.

कटर_आणि_ट्रेस

प्रकाशावर सविस्तर लिहितो, कारण भूत पहिल्यांदा तिथेच मेलं आहे.

वाड्याची रचना पाहा. चौक वरून उघडा, त्याला लागून ओसरी, आत माजघर, आणि माजघराला बहुतेक वेळा खिडकीच नसते. म्हणजे चांदणं फक्त चौकातून येऊ शकतं आणि माजघरात ते दारापुरतंच पोचेल. सिनेमात माजघरात चारही बाजूंनी निळा उजेड आहे. कुठून आला? प्रेक्षक हा प्रश्न शब्दांत विचारत नाही, पण जागा खोटी आहे हे त्याला कळतं. खोट्या जागेत भीती टिकत नाही.

करायचं असं. एक मोठा दिवा चौकाच्या वरच्या कडेला, तिरका, खाली ओसरीवर पडणारा. कौलांवर स्टँड ठेवायचा नाही, जुनी कौलं वजन घेत नाहीत. शेजारी बांबूची परांची बांधून तिच्यावर दिवा चढवायचा. पुढे ट्रेस (उजेड पसरवणारा अर्धपारदर्शक कागद) लावून थोडा मऊ करायचा. दिव्याच्या रंगाचा आकडा (केल्विन) ५६०० असेल तर कॅमेरा ३२००वर ठेवू नये, चित्र गणपती मंडळाच्या रोषणाईसारखं निळंभोर होतं. कॅमेरा ४३०० ते ४५०० ठेवला की चांदणं वाटेल इतकीच निळाई उरते. चेहरे दोन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि केसांच्या-खांद्यांच्या कडेवर मागून येणारा उजेड त्याहून वर. अंधार म्हणजे काळा पडदा नव्हे. अंधारात निदान एक कड उजळ दिसली तरच बाकीचा भाग अंधार वाटतो.

माजघरात समई. खरी समई ठेवा, पण चेहरा तिच्या उजेडावर सोडू नका. फ्रेमच्या बाहेर, समईच्याच दिशेला, दोन छोटे पिवळे बल्ब दोन वेगळ्या डिमरवर लावा आणि दोघांनी ते वेगवेगळ्या लयीत किंचित खालीवर करावेत. एकच बल्ब हलवला तर बिघडलेल्या दिव्यासारखा दिसतो.

आता दोन तांत्रिक गोष्टी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करताना शटर १/५० सेकंद ठेवावं. १/६० ठेवलं की ट्यूबलाईट आणि स्वस्त एलईडी बल्ब चित्रात फडफडतात किंवा आडवे पट्टे सरकतात. या सिनेमाच्या स्वयंपाकघरातल्या प्रसंगात तेच झालंय, आणि लोकांना वाटलं ती भुताची करणी. दुसरी गोष्ट वायरिंगची. १००० वॅटचे दोन दिवे २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतात. जुन्या वाड्यातल्या ५ अँपिअरच्या सॉकेटवर ते लावणं म्हणजे लाकडी तुळयांच्या घरात आग लावणं. एलईडी दिवे तरी वापरा, नाहीतर जनरेटर बोळाच्या वळणापलीकडे उभा करून जाड केबल आत आणा. वळण यासाठी की त्याचा आवाज भिंती अडवतात.

धुरकट

धुराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. चौक उघडा असल्याने फॉग मशीनचा धूर दोन-तीन मिनिटांत वर निघून जातो. सिनेमात एका शॉटला दाट धूर आणि उलट कोनातून शून्य धूर, हे त्यामुळेच. चौकावर काळं कापड किंवा ताडपत्री ताणली की धूर टिकतो. अर्थात मग ‘कटर’ यांचा वरचा दिवा कापडाच्या आत घ्यावा लागेल. मशीन काही सेकंद सोडायचं, पुठ्ठ्याने वारा घालून धूर पसरवायचा आणि तो एकसारखा होईपर्यंत थांबायचं. लोंढा दिसत असताना कॅमेरा चालू करायचा नाही. जमिनीलगत सरपटणारा धूर हवा असेल तर तो बर्फ भरलेल्या पेटीतून न्यायचा. गार झाला की तो खाली बसतो.

पैसे वाचवायला लोभान-धूप जाळतात. दोन तासांत नटांचे डोळे लाल, घसा बसलेला, आणि पुढचे संवाद डबिंगला जातात. वाचलेले पैसे तिथे परत खर्च.

रूमटोन

गोदाकाठचा_प्रेक्षक, तुम्ही ध्वनीबद्दल एक ओळही लिहिली नाहीत. माझ्या मते या सिनेमातली सगळ्यात महाग चूक तिथे आहे, कारण ती सगळ्यात स्वस्तात टाळता आली असती.

पहिली चूक घुमण्याची. माजघरातल्या संवादांना देवळाच्या सभामंडपासारखा घुमारा दिलाय. मातीच्या जाड भिंती, सारवलेली जमीन, वर कडीपाट, आत गोधड्यांचे ढीग. अशी खोली आवाज पिऊन टाकते. तिथे बोललेलं कोरडं, जवळचं, कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं, आणि भीतीसाठी तेच हवं असतं! घुमारा घालून त्यांनी खोली मोठी केली आणि भूत लांब नेलं. प्रत्येक जागेचा ६० सेकंद रूमटोन, म्हणजे त्या जागेचा नुसता शांत आवाज, सगळ्यांना गप्प करून रेकॉर्ड केला असता तर संकलनात हा गोंधळ झाला नसता.

दुसरी चूक रातकिड्यांची. बारा-पंधरा सेकंदांचा एकच तुकडा पूर्ण सिनेमाभर फिरतोय. त्यात एक किडा ठरावीक जागी किंचित मोठ्याने ओरडतो. एकदा तो कानाला लागला की सुटत नाही. निदान तीन-चार मिनिटांचा सलग तुकडा घ्यावा आणि दोन वेगळ्या लांबीचे तुकडे एकावर एक ठेवावेत, म्हणजे जोड सापडत नाही. सिनेमातल्या उन्हाळ्याच्या रात्री बेडूक ओरडतात ते वेगळंच.

तिसरी चूक दचकवण्याची. दर तीन-चार मिनिटांनी ‘ढॅण्ण’ वाजतं. मांजर आलं, ढॅण्ण. पोस्टमन आला, ढॅण्ण. असे खोटे दचके एक किंवा दोन चालतात. नंतर कान तयारीत बसतात आणि खऱ्या दचक्याला काही होत नाही. मोठा आवाज मोठा वाटतो तो आधीच्या शांततेमुळे. आधीच्या आठ-दहा सेकंदांत रातकिडे, लांबची वाहनं, पंख्याची घरघर हळूहळू सहा ते दहा डेसिबलने उतरवायची. पूर्ण बंद करायची नाही. पूर्ण शून्य झालं की प्रेक्षकाला थिएटरचा आवाज गेल्यासारखं वाटतं आणि तो मान वळवून मागे बघतो. आणि दचक्याचा आवाज चित्राच्या एक-दोन फ्रेम आधी टाकून बघा. डोळ्याला कळायच्या आत अंग आक्रसतं.

खर्जातल्या घरघरीचंही तसंच. तीस-चाळीस हर्ट्झचा आवाज चांगल्या स्पीकरवर छातीत लागतो, पण हा सिनेमा पुढे मोबाईलवर पाहिला जाणार. तिथे तो आवाज नाहीच. त्याच घरघरीत १५० ते ३०० हर्ट्झचा थर मिसळला तर फोनवरही काहीतरी गुरगुरत राहतं.

शेवटचं, मिक्सिंग. थिएटरमध्ये संवाद पडद्याच्या मधल्या स्पीकरमधून यायला हवेत. इथे घरच्या दोन स्पीकरवर केलेलं स्टिरिओ मिक्स तसंच डीसीपीत, म्हणजे थिएटरला द्यायच्या डिजिटल प्रतीत, भरलंय असं स्पष्ट जाणवतं. मधला स्पीकर मुका आहे. कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला नायकाचा आवाज जवळच्या भिंतीकडून येतो. विनोदी वाक्य तर नेमकं कुणी म्हटलं हेच कळत नाही. किमान संवाद मधल्या चॅनलला टाकून, एखाद्या थिएटर-मिक्स स्टुडिओत दोन दिवस पूर्ण सिनेमा ऐकून घ्यायला हवा होता. गाण्याचा खर्च वगळून हे सहज झालं असतं.

दिंडी_दरवाजा

रूमटोन यांच्या प्रतिसादाला +१. नऊवारीच्या सळसळीबद्दलही लिहा कुणीतरी. कॉलर माईक साडीच्या निऱ्यांत लपवलाय आणि प्रत्येक वाक्याला ‘खसखस’ येतेय.

रूमटोन

@दिंडी_दरवाजा, नवी कडक साडी असेल तर कॉलर माईक नकोच, वरून बूम (लांब काठीवरचा माईक). लावायचाच असेल तर माईक केसांच्या रेषेशी, वीगच्या कडेला. साडी आधी दोनदा धुऊन मऊ करून घ्यावी. भूत बाईची ती सळसळ खरं तर सोनं होती: बाकीचे आवाज गेल्यावर फक्त निऱ्यांचा आवाज उरला असता. ती मुद्दाम वेगळी रेकॉर्ड करून हवी तिथेच वापरायची.

सोपा_ओसरी

सगळे फार कठोर लिहीत आहात असं वाटतं. मुंबईबाहेर, पंधरा-अठरा दिवसांत, उधारीवर सिनेमा उभा करणं सोपं नाही. ग्राफिक्स वाईट आहेत कारण पैसे नव्हते. नट नवखे आहेत कारण पैसे नव्हते. हे लक्षात घ्यायला नको का?

अर्धी_फ्रेम

@सोपा_ओसरी, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण पैसे नव्हते म्हणून ग्राफिक्स टाळायला हवे होते, स्वस्तात करायला नको होते. सिनेमात भूत धूर होऊन भिंतीतून जातं, डोळ्यांतून लेझर निघतात, पिंपळ चालतो. यातला एकही शॉट कथेला लागत नाही.

नाशिककरांनी तरी हे विसरू नये. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या चित्रपटानंतर १९१३ मध्येच आपलं बिऱ्हाड नाशकात आणलं आणि चमत्काराचे प्रसंग कॅमेऱ्यातच घडवले. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मधला नाग समोर उभा केलेला होता. एकावर एक चित्रण आणि कॅमेरा थांबवून माणूस गायब करणं या युक्त्यांना तेव्हाही पैशांपेक्षा आखणी जास्त लागत होती. पांडवलेणीच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे, तिथून या वाड्यापर्यंत रिक्षा जाते.

पारदर्शक भूत हवंय? नाटकातली जुनी काचेची युक्ती घ्या. कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत साधी काच उभी करायची, बाजूला कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या जागी काळ्या कापडापुढे भूत उभं करायचं. त्याच्यावर उजेड वाढवला की ते काचेत उमटतं आणि खोलीत उभं असल्यासारखं दिसतं, उजेड उतरवला की विरघळतं. काच तीन-चार मिलिमीटरची पातळ असावी, जाड काचेत प्रतिमा दुहेरी दिसते. काचेवर कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्याभोवतीही काळं कापड. नट भुताच्या जागी खरोखर पाहू शकतो, हा सगळ्यात मोठा फायदा.

दार आपोआप उघडायचं असेल तर बिजागरीला तेल, कडीला काळा दोरा, आणि दोऱ्यावर उजेड पडणार नाही असा कोन. नायलॉनचा मासेमारीचा दोरा चकाकतो, त्याला मॅट काळा रंग द्यावा.

चाल विचित्र हवी असेल तर नटीला उलटं, मागे मागे चालायला लावा आणि शॉट उलटा फिरवा. ती पुढे येताना दिसते पण वजन चुकीच्या पायावर पडतं. फ्रेममध्ये धूर, पाणी, हलती ज्योत ठेवू नका, तीही उलटी फिरते आणि गुपित फुटतं.

झिलई

उलट्या पावलांचा विषय निघालाच आहे तर. हडळ असेल तर ग्राफिक्सशिवाय पावलं अशी जमतात: नटी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी, डोक्याच्या मागच्या बाजूला हलका मुखवटा, त्यावर केस सोडलेले, साडीचा पदर पाठीवरून असा घेतलेला की ती समोरची बाजू वाटावी. मग ती मागे मागे आपल्याकडे चालत येते. गुडघे भलत्या बाजूला वाकतात आणि टाचा पुढे. दोन सेकंद, म्हणजे ४८ फ्रेम, पुरे. तिसऱ्या सेकंदाला मुखवटा ओळखू येतो.

मेकअपबद्दल. चेहऱ्यावर पांढरी पावडर आणि मान सावळी, हात सावळे, कान गुलाबी. ही चूक जत्रेतल्या सोंगाला शोभते, क्लोजअपला नाही. बेस नटीच्या रंगापेक्षा दोनच छटा उजळ, त्यात गालांच्या, डोळ्यांच्या खळग्यांत राखाडी-हिरवट छटा, आणि तोच रंग कान, मान, कोपरापर्यंत हात, नऊवारीखाली दिसणाऱ्या पोटऱ्या आणि पावलं इथपर्यंत. दात पांढरेशुभ्र ठेवू नयेत. सोललेली कातडी दाखवायची तर लिक्विड लेटेक्सचे तीन-चार पातळ थर, मध्ये टिश्यू पेपर, प्रत्येक थर वाळवून. आदल्या दिवशी कोपराच्या आत थेंब लावून पाहायचा, काहींना त्याची ॲलर्जी असते. भुवयांना आधी व्हॅसलीन, नाहीतर काढताना केस निघतात.

रक्ताचा प्रसंग तर काळाठिक्कर दिसतो. कारण साधं आहे: निळ्या उजेडात लाल रंग काळा दिसतो. रक्त दिसायला हवं तिथे समईचा किंवा कंदिलाचा पिवळा उजेड पाडा. घरचं रक्त असं: बेकरीचं सामान मिळतं तिथलं लिक्विड ग्लुकोज २५० ग्रॅम, ५० ते ६० मिली कोमट पाणी, खाण्याचा लाल रंग दोन चमचे, कोको पावडर एक चहाचा चमचा आधी थोड्या पाण्यात कालवून, आणि निळ्या खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंब. गाळून घ्या, कोकोच्या गुठळ्या राहिल्या तर क्लोजअपमध्ये दिसतात. कोको घातला की रक्त अपारदर्शक होतं, तो नसला तर सरबत दिसतं. कपड्यावर लागणार असेल तर त्या वेगळ्या वाटीत भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब घाला, डाग लवकर निघतो. ती वाटी तोंडाजवळ न्यायची नाही. शूट झालं की जमीन गरम पाण्याने पुसा, नाहीतर सकाळी वाडाभर मुंग्या. कुंकू पाण्यात कालवून रक्त करू नका, ते चपटं दिसतं आणि कातडीला खाज सुटते.

तिसरी_घंटा

तांत्रिक बाजू छान आली. पण हसू का आलं नाही?

मूळ धाग्यात म्हटलंय तेच कारण आहे, फक्त थोडं पुढे नेतो. या प्रकारात भूत गंभीर हवं आणि माणसं हास्यास्पद. १९९३चा ‘झपाटलेला’ आठवा. रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू हा प्रत्यक्ष बाहुला आहे, आणि त्याला लक्ष्याचं शरीर हवंय. त्या हेतूत तो तसूभर गंमत करत नाही. हसू येतं ते त्याच्यापुढे सापडलेल्या माणसांचं. या सिनेमात उलट आहे. माणसं ठोकळ्यासारखी उभी आणि भूत नकला करतंय.

दुसरं, टायमिंग. नाटकात लाफ्टर आला की नट थांबतो, हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. नाशकातल्या कालिदास नाट्यगृहात प्रयोग करणाऱ्या कुठल्याही नटाला हे सांगावं लागत नाही. सिनेमात प्रेक्षक समोर नसतो, म्हणून ती जागा संकलकाने ठेवायची. विनोदी वाक्यानंतर दीड-दोन सेकंद दुसऱ्या पात्राचा नुसता चेहरा, महत्त्वाचा संवाद नाही. इथे तीन विनोद एकामागोमाग आहेत, पहिल्याच्या हशात दुसरा बुडतो आणि तिसरा ऐकूच येत नाही. शिवाय विनोदाला वाइड शॉट लागतो. माणूस पळताना अख्खा दिसला, घसरला, पाय धोतराच्या सोग्यात अडकला, तर हसू येतं. यांनी पळापळ क्लोजअपमध्ये आणि हलत्या कॅमेऱ्यात घेतली.

तिसरं, क्रम. हशा उतरत असतानाच भीती आली तर ती दुप्पट लागते, कारण अंग सैल असतं. भीती चढत असताना मध्येच विनोद टाकला तर चढण कोसळते. सिनेमात प्रत्येक चढणीवर मांत्रिकाचा एक शेरा आहे. तो मांत्रिकही वाया गेला. महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आजचा मांत्रिक भुतापेक्षा पोलिसांना जास्त घाबरलेला असणार. स्वतःला मांत्रिक म्हणूच न देणारा, पावती न देणारा, लिंबू पिशवीत लपवून ‘सरबताला आणलीत’ म्हणणारा माणूस लिहिला असता तर हसूही आलं असतं आणि तो खराही वाटला असता. यांनी कवट्यांच्या माळा घातलेला, जुन्या हिंदी सिनेमातला मांत्रिक आणला.

गोदाकाठचा_प्रेक्षक

सगळ्यांचे आभार. @तिसरी_घंटा, मांत्रिकाबद्दल अगदी पटलं.

एक प्रश्न आहे. सिनेमाचा ट्रेलर मोबाईलवर पाहिला तेव्हा रात्रीचे प्रसंग नीट दिसत होते. थिएटरमध्ये तेच प्रसंग चिखलासारखे दिसले, जिना कुठे आणि माणूस कुठे कळेना. थिएटरचा दोष म्हणायचा का?

अर्धी_फ्रेम

दोष बहुतेक कलर करेक्शनच्या टेबलावरचा. थिएटरच्या पडद्यावर पांढऱ्याची ठरलेली पातळी साधारण ४८ निट्स (उजळपणा मोजायचं एकक) असते, प्रोजेक्टरचा दिवा जुना असेल तर त्याहूनही कमी भरते. कलर करतानाचा मॉनिटर १०० निट्सचा आणि मोबाईल त्याच्या कित्येक पट उजळ. मॉनिटरवर ‘वा, काय गूढ अंधार’ वाटतो तो पडद्यावर उरतच नाही. उपाय: खोलीतले दिवे पूर्ण बंद करून कलर करायचं, आणि सगळ्यात अंधाऱ्या चार मिनिटांचं डीसीपी काढून सकाळी पहिल्या शोच्या आधी एखाद्या थिएटरमध्ये लावून बघायचं. अर्ध्या तासाचं काम. त्याच वेळी रूमटोन यांचा मधला स्पीकरही तपासून होतो.

सेन्सॉरचंही आधीच बघावं. २०२४च्या नियमांपासून यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी पाहायच्या सिनेमाच्या) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग झालेत. लहान मुलांसह घरच्यांनी बघावा असा सिनेमा लिहायचा आणि शेवटी मुंडकं उडवायचं, तर ज्या प्रेक्षकासाठी विनोद लिहिले तोच निसटायची भीती.

बळद_आणि_देवळी

एक प्रसंग सुधारून कसा दिसेल ते बघायचं का? चार्जरचा प्रसंग घेऊ. सिनेमात धाकटा भाऊ माजघरात चार्जर आणायला जातो, त्याच्या मागे भूत चार वेळा दिसतं, चार वेळा ढॅण्ण, मग भूत केळीच्या सालावर घसरतं.

तिसरी_घंटा

घसरणं काढा. धाकटा दारातूनच अंधारात हात पुढे करून म्हणतो, “ताई, चार्जर दे गं.” आतून हात येतो, चार्जर देतो. तो “थँक्यू” म्हणून चौकात येतो. चौकात ताई आणि दादा दोघंही जेवत बसलेत. भूत काहीच वावगं करत नाही, आणि मुलगा स्वभावाप्रमाणे वागतो.

कटर_आणि_ट्रेस

कॅमेरा चौकात, दारासमोर, स्थिर. दाराच्या आत काही दिसत नाही, फक्त चौकटीच्या कडेवर चांदणं. हात त्या कडेपर्यंतच येतो, मनगटापुढे नाही. हिरवा चुडा उजेडात चमकला की पुरे. झिलई यांचा रंग बोटांवर हवा.

अर्धी_फ्रेम

हात दिसल्यावर कट नाही. तोच शॉट चालू ठेवून कॅमेरा धाकट्याबरोबर वळतो आणि ताई-दादा फ्रेममध्ये येतात. सगळं मिळून वीसेक सेकंदांचा एकच शॉट. ताईच्या हातात बांगड्या नाहीत, घड्याळ आहे, हे आधीच्या प्रसंगात एकदा दाखवून ठेवायचं.

रूमटोन

संगीत नाही. धाकटा दाराशी पोचेपर्यंत रातकिडे उतरत जातात. हात आला की बांगड्यांची एकच किणकिण, कोरडी, घुमाऱ्याशिवाय. चौकात ताटावर चमचा वाजतो, धाकटा ताईकडे बघतो, हातातल्या चार्जरकडे बघतो. तिथे दोन सेकंद, हशा येणार आहे. हशा उतरला की मागे, माजघराच्या बाजूने, पुन्हा तीच किणकिण. या वेळी उंबरठ्याच्या अलीकडे.